‘प्रिन्सेस’ला मराठीत काय म्हणायचं? आधी विचारा, कोणाची कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजीतल्या ‘प्रिन्सेस’ला मराठीत राजकन्या म्हणायचं, राजकुमारी की युवराज्ञी? वर्तमानपत्रांत तिन्ही शब्द दिसतात, मग ते एकमेकांच्या जागी चालतात का? आणि लेकीला लाडाने ‘माझी प्रिन्सेस’ म्हणतात, त्याला आपला शब्द कोणता?

एकमेकांच्या जागी ते चालत नाहीत. इंग्रजीत ‘प्रिन्सेस’ ही पदवी आहे. ती जन्माने मिळते, लग्नाने मिळते, कधी गादीच्या वारसदार मुलीला मिळते, तर कधी राज्यकर्त्याच्या बायकोला. मराठी शब्द मात्र नात्यावर उभे आहेत. कन्या म्हटलं की कोणाची कन्या हे आलंच. म्हणून अनुवाद करताना पहिला प्रश्न एकच: ही बाई राजाची कोण? मुलगी, सून, बायको, नात की पुतणी? याचं उत्तर मिळालं की शब्द बहुतेक वेळा आपसूक सापडतो. ते न विचारता शब्दकोशातला पहिला शब्द उचलला की चूक ठरलेलीच.

ही अडचण मूळ शब्दातच आहे. ‘प्रिन्स’ आला लॅटिनमधल्या ‘प्रिन्सेप्स’वरून. ‘पहिला’ आणि ‘घेणे’ अशा दोन शब्दांतून तो बनला, म्हणजे पहिलं स्थान घेणारा, अग्रणी. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने ‘राजा’ ही पदवी टाळली आणि हा शब्द स्वतःसाठी वापरला. म्हणजे मुळात यात कोणाचा मुलगा असण्याचा काही संबंधच नाही, प्रिन्स म्हणजे सत्ताधीश. तो अर्थ अजून जिवंत आहे. मोनॅकोचा राज्यकर्ता प्रिन्स म्हणवतो, कारण तिथे राजा ही पदवीच नाही. जर्मन भाषेत याचे दोन वेगळे शब्द आहेत: राज्य करणारा तो ‘फ्युर्स्ट’ आणि राजघराण्यातला मुलगा तो ‘प्रिन्झ’. इंग्रजीने दोघांना एकाच शब्दात कोंबलं, आणि त्यांच्या बायका-मुलींनाही.

त्यामुळे अमेरिकन अभिनेत्री ग्रेस केली १९५६ मध्ये मोनॅकोच्या रेनिये यांच्याशी लग्न करून ‘प्रिन्सेस’ झाली, तेव्हा ती कोणाची राजकन्या झाली नाही, राज्यकर्त्याची पत्नी झाली. तिच्याबद्दल लिहिताना ‘राजकन्या ग्रेस’ हे सरळ चूक. ‘मोनॅकोच्या राज्यकर्त्याची पत्नी प्रिन्सेस ग्रेस’ असं लिहावं. राणी म्हटलं तर अर्थ जवळ जातो, पण पदवी खोटी ठरते. अशा ठिकाणी मूळ पदवी देवनागरीत ठेवून नातं मराठीत सांगणं हाच उत्तम मार्ग.

आता आपले शब्द. राजकन्या आणि राजकुमारी यांत मराठी माणसाच्या कानाला मोठा फरक जाणवतो, आणि त्याचं कारण आपल्या लग्नपत्रिकेत आहे. ‘यांची ज्येष्ठ कन्या’ असं आपण लिहितो तेव्हा कन्या म्हणजे फक्त मुलगी. संस्कृतात कन्या म्हणजे अविवाहित मुलगी हाही अर्थ आहे, पण मराठीत ‘त्यांची मधली कन्या पुण्यात दिली आहे’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. कुमारीचं तसं नाही. नावामागे ‘कु.’ लागतं ते लग्नाआधी आणि लग्नानंतर त्याचं ‘सौ.’ होतं. म्हणून ब्रिटनच्या ॲन यांना ‘राजकुमारी ॲन’ म्हटलं की मराठीत विचित्र वाटतं. त्यांचा जन्म १९५०चा, पहिलं लग्न १९७३ मध्ये, दुसरं १९९२ मध्ये, नातवंडं आहेत. राजकन्या मात्र त्या आयुष्यभर आहेत, कारण एलिझाबेथ राणीची मुलगी हे नातं काही बदलत नाही. हिंदीत राजकुमारी सर्रास दोन्ही अर्थांनी चालतं. डब केलेल्या मालिका आणि हिंदी बातम्यांच्या भाषांतरातून ते मराठीत घुसलं आहे. चूक म्हणून खोडून काढावं इतकं ते परकं नाही, पण पर्याय असताना मराठीत राजकन्या घ्यावं, आणि राजकुमारी गोष्टीतल्या उपवर मुलीसाठी ठेवावं.

एक अपवाद कायम लक्षात ठेवा. भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचं ‘राजकुमारी’ हे नावाचाच भाग होऊन बसलं आहे. तिथे ‘राजकन्या अमृत कौर’ अशी दुरुस्ती करू नका.

युवराज्ञी हा तिसरा शब्द, आणि गोंधळ याच्याचभोवती जास्त आहे. राज्ञी म्हणजे राणी, राणी हा शब्द त्यावरूनच आला. युवराज्ञी म्हणजे युवराजाची पत्नी. मराठ्यांच्या इतिहासात याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. १६७४च्या राज्याभिषेकात संभाजीराजे युवराज झाले आणि येसूबाई युवराज्ञी. पुढे त्या राणी झाल्या, आणि त्यांच्या ‘श्री सखी राज्ञी जयति’ या शिक्क्यात हाच ‘राज्ञी’ शब्द आहे. उच्चार ‘युवराद्न्यी’ असा होतो, ‘युवराग्यी’ नव्हे. युवराणी असंही रूप दिसतं, पण मराठीत रुळलेलं आहे ते युवराज्ञी.

आता डायना यांचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याबद्दल राजकन्या, राजकुमारी, युवराज्ञी हे सगळं लिहिलं गेलं. डायना यांचे वडील अर्ल होते, म्हणजे उमराव. राजाची मुलगी त्या कधीच नव्हत्या, तेव्हा राजकन्या बाद. १९८१ मध्ये त्यांचं लग्न युवराज चार्ल्स यांच्याशी झालं, म्हणून युवराज्ञी बरोबर. एवढंच नव्हे, इंग्रजीतलं ‘प्रिन्सेस डायना’सुद्धा नियमाला धरून नाही. ब्रिटिश रिवाजात ‘प्रिन्सेस’ला लागून स्वतःचं नाव येतं ते जन्माने प्रिन्सेस असलेल्या मुलीचं. लग्नाने झालेली प्रिन्सेस नवऱ्याच्या पदवीने ओळखली जाते, म्हणून ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’. १९९६च्या घटस्फोटानंतर ‘हर रॉयल हायनेस’ हे राजघराण्याचं संबोधन गेलं आणि ‘डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स’ एवढं राहिलं. लोकांच्या तोंडी प्रिन्सेस डायनाच राहिलं, आणि बोलण्यात ते राहू द्यावं. लेखात मात्र १९८१ ते १९९६ या काळासाठी ‘युवराज्ञी डायना’ लिहावं आणि घटस्फोटानंतरच्या घटनांसाठी नुसतं ‘डायना’. ‘वेल्सची राजकन्या’ हे तर कोणत्याच काळासाठी नको. वेल्सला वेगळा राजा नाही, मग त्याची कन्या कुठून येणार? सप्टेंबर २०२२पासून ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ ही पदवी युवराज विल्यम यांच्या पत्नी कॅथरिन यांच्याकडे आहे आणि मराठीत त्या युवराज्ञी.

युवराज्ञी शब्दावर एक ताण येतो तो स्वीडनसारख्या देशात. तिथे १९८०पासून मुलगा-मुलगी न पाहता थोरलं मूल गादीचं वारस असतं. तिथल्या राजाची थोरली मुलगी व्हिक्टोरिया यांचा जन्म १९७७चा, धाकट्या भावाचा १९७९चा. जुन्या नियमाने तो युवराज होता, १ जानेवारी १९८० रोजी ते पद त्याच्याकडून मोठ्या बहिणीकडे आलं. आता यांना युवराज्ञी म्हटलं तर वाचक ‘युवराजाची बायको’ असं समजेल. तरी मी शब्द तोच वापरेन. राज्ञी म्हणजे स्वतःच्या हक्काने राज्य करणारी राणीही होतेच, तेव्हा युवराज्ञीला तो अर्थ जड नाही. फक्त पहिल्या उल्लेखात ‘गादीच्या वारसदार, युवराज्ञी व्हिक्टोरिया’ असं लिहायचं, पुढे नुसतं युवराज्ञी चालतं. स्पेनमध्ये लिओनोर या वारसदार म्हणून ‘प्रिन्सेस’, आणि धाकटी बहीण सोफिया ‘इन्फान्ता’, म्हणजे गादीची वारस नसलेली राजकन्या. मराठीत धाकटी राजकन्या आणि थोरली युवराज्ञी म्हटलं की फरक नीट पोचतो.

हा ‘इन्फान्ता’ आपल्याला परका नाही. पोर्तुगालची इन्फान्ता कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली, हे शाळेपासून ठाऊक असतं. करार १६६१चा. त्या वेळी तिचे वडील वारले होते आणि गादीवर भाऊ होता. म्हणजे ती राजाची बहीण. तरीही पुस्तकं ‘पोर्तुगालची राजकन्या’ म्हणतात ते बरोबर आहे, कारण चौथ्या जॉन राजाची ती मुलगी होती आणि वडील गेल्याने मुलगीपण जात नाही.

उलटं उदाहरण जपानचं. माको यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये राजघराण्याबाहेर लग्न केलं, आणि तिथल्या कायद्याने त्यांचं राजघराण्यातलं स्थान संपलं. अशा बातमीत ‘माजी राजकन्या’ लिहिण्याचा मोह होतो. मराठीत हे ऐकायलाच कसंतरी वाटतं, कारण माजी आमदार असतो, माजी कन्या नसते. शिवाय माको या सम्राट नारुहितो यांच्या पुतणी. ‘सम्राटांच्या पुतणी माको यांनी लग्नानंतर राजघराण्यातलं स्थान सोडलं’ एवढं लिहिलं की सगळं सुटतं. इंग्रजीतलं ‘प्रिन्सेस’ इथे मराठीत आणायची गरजच उरत नाही. ब्रिटनच्या बिॲट्रिस यांच्या बाबतीतही तेच: राजे चार्ल्स यांच्या पुतणी.

‘प्रिन्सेस रॉयल’चं ‘शाही राजकन्या’ हे भाषांतर मात्र पूर्ण टाळा. राजकन्या शाही नसेल तर काय असेल? हा राजाच्या किंवा राणीच्या थोरल्या मुलीला दिला जाणारा किताब आहे आणि एका वेळी एकीकडेच असतो. आपोआपही मिळत नाही. ॲन यांची आई १९५२ मध्ये राणी झाली, पण किताब मिळाला १९८७ मध्ये. त्याचं भाषांतर न करता ‘प्रिन्सेस रॉयल हा किताब’ असंच ठेवावं.

भारतीय संस्थानांबद्दलचा इंग्रजी मजकूर आला की सर्वांत जास्त सावध राहा. ब्रिटिशांनी इथल्या राजांना ‘किंग’ म्हटलं नाही, ‘प्रिन्स’ म्हटलं. चेंबर ऑफ प्रिन्सेस म्हणजे नरेंद्रमंडळ, राजपुत्रांची सभा नव्हे. प्रिन्सली स्टेट म्हणजे संस्थान, आणि इंडियन प्रिन्स म्हणजे संस्थानिक, गादीवर बसलेला. मग त्याच मजकुरातली ‘प्रिन्सेस’ ही त्याची मुलगीही असू शकते आणि राणीही. गायत्रीदेवींचं आयुष्यच पाहा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे कूचबिहारला दिली, गायत्रीदेवी तिची मुलगी. म्हणजे जन्माने कूचबिहारची राजकन्या. १९४० मध्ये लग्न होऊन जयपूरची महाराणी, आणि पतीच्या निधनानंतर राजमाता. इंग्रजी मजकूर या तिन्ही काळांत त्यांना प्रिन्सेस म्हणू शकतो, मराठीत प्रत्येक काळाचा शब्द वेगळा. घटना कोणत्या सालची हे पाहिल्याशिवाय शब्द लिहू नका.

मराठा घराण्यांत तर प्रत्यक्ष हाक मारायचे शब्द आणखी वेगळे. शिवाजी महाराजांच्या मुलींना आपण सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई असंच म्हणतो. ‘राजकन्या सखुबाई’ हे नाटकी वाटतं, ‘महाराजांची कन्या सखुबाई’ हे सहज. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई देवासला दिल्या, त्या कोल्हापूरकरांना आक्कासाहेब महाराज म्हणून माहीत. आक्कासाहेब, ताईसाहेब हेच तिथले ‘प्रिन्सेस’. मुघलांकडच्या मुलींसाठी शहाजादी वापरावं, आणि बेगम शब्द दिसला म्हणून कोणाची बायको धरू नये. शहाजहानची मुलगी जहाँआरा अविवाहित होती आणि तिचा किताब पादशाह बेगम.

१९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. त्यानंतरच्या कोणाही भारतीय बाईंच्या नावामागे बातमीत पदवी म्हणून राजकन्या लावायचं कारण नाही. ‘अमुक राजघराण्यातील’ पुरे.

आता लिहिण्याचे बारकावे. शब्द ‘प्रिन्सेस’ असा लिहा, ‘प्रिंसेस’ नको. मराठीत स-च्या आधीचा अनुस्वार आपण व-कडे झुकवून म्हणतो, संसार म्हणताना ऐकून पाहा. त्यामुळे अनुस्वार दिला तर वाचणारा अडखळतो. लायसन्स, चान्स, इन्शुरन्स जसे लिहितो तसंच हे. राजकन्या एकच शब्द, ‘राज कन्या’ असा तोडू नये. सामान्यरूप राजकन्ये: राजकन्येला, राजकन्येचा. ‘राजकन्याचा’ हे चूक आणि आजकाल फार दिसतं. अनेकवचनात राजकन्यांना, राजकन्यांचा. गोष्टीत ‘राजकन्या म्हणाली’, बातमीत ‘राजकन्या ॲन म्हणाल्या’. नाव आलं की प्रत्यय ‘यांनी’, ‘यांना’वर जातो आणि राजकन्या शब्द जसाच्या तसा राहतो: ‘राजकन्या ॲन यांनी उद्घाटन केलं.’ एकाच परिच्छेदात एकदा आदरार्थी आणि एकदा एकेरी येऊ देऊ नका.

देवनागरीत आणखी एक सापळा आहे. इंग्रजीतले तीन वेगळे शब्द, प्रिन्सचं अनेकवचन, ‘प्रिन्सचा’ या अर्थाचं रूप आणि प्रिन्सेस, आपल्याकडे अगदी सारखे दिसतात. मुंबई बंदरातल्या प्रिन्सेस डॉकची पायाभरणी १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली आणि १८८० मध्ये तो सुरू झाला. तो प्रिन्सचा डॉक, त्यात राजकन्या कोणी नाही. एडिंबरोचा प्रसिद्ध रस्ताही तसाच, तिसऱ्या जॉर्जच्या मुलांवरून, म्हणजे राजपुत्रांचा रस्ता. मरीन लाइन्सजवळची प्रिन्सेस स्ट्रीट मात्र इंग्रजीतही प्रिन्सेसच, आता शामळदास गांधी मार्ग, जरी टॅक्सीवाल्याला जुनं नावच सांगावं लागतं. मूळ इंग्रजी स्पेलिंग पाहिल्याशिवाय अशा नावांचा अर्थ सांगू नये.

रोजच्या मराठीत ‘प्रिन्सेस’ सर्वांत जास्त ऐकू येतो तो मात्र राजवाड्याशी नव्हे, शिंप्याच्या दुकानात. प्रिन्सेस कट ब्लाउज. यात पुढच्या भागाला टक्स नसतात. मुंढ्यातून किंवा खांद्यातून निघून छातीच्या टोकावरून कमरेपर्यंत एक उभी शिलाई जाते आणि टक्सचं काम तीच करते. पुढचा प्रत्येक भाग त्यामुळे दोन तुकड्यांचा होतो. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या प्रिन्सेस अलेक्झांड्रा, तेव्हाच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स, यांच्यावरून पडलं असं सांगतात. शिवायला टाकताना ‘मुंढ्यातून की खांद्यातून’ हे स्पष्ट सांगा, आणि खांद्यापासून टोकापर्यंतची उंची व दोन टोकांमधलं अंतर ही दोन्ही मापं घेतली का ते बघा. शिलाई टोकावरून सरकली की तिथे फुगा येतो. गोलाईवर शिलाईच्या मार्जिनला बारीक काप दिले नाहीत तर कापड ओढलं जातं. सराफाकडचा ‘प्रिन्सेस कट’ मात्र वेगळाच, तो चौकोनी हिरा. चारी कोपरे टोकदार असल्याने टवका उडायची भीती तिथेच, म्हणून कोपरे झाकणारं कोंदण निवडावं. दोन्ही ठिकाणी ‘राजकन्या कट’ असं भाषांतर करून कोणाला काही कळणार नाही, शब्द आहे तसा राहू द्या.

राहिला लाडाचा प्रश्न. वाढदिवसाच्या बॅनरवर ‘आमची प्रिन्सेस’ आता मराठीच झालं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पुस्तकात किंवा उपशीर्षकांत बाप लेकीला ‘प्रिन्सेस’ म्हणतो तिथे ‘राजकन्ये, जेवायला ये’ लिहिलं की घराचं नाटक होतं. घरात कोणी असं बोलत नाही. आपल्याकडे राणी आहे, सोनू, छकुली, चिऊ, परी आहे. आणि सगळ्यांत गोड म्हणजे मुलीलाही आपण ‘राजा’ म्हणतो. ‘जेवलीस का गं राजा?’ हाक पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी, आणि कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. इंग्रजीतल्या त्या ‘प्रिन्सेस’मधली माया या वाक्यात पूर्ण उतरते. ‘राणी’ वापरताना तेवढं बघा की बोलतंय कोण. आईवडिलांच्या, आजीच्या, नवऱ्याच्या तोंडी ती माया आहे, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या तोंडी छेड.

टोमण्यातल्या ‘प्रिन्सेस’साठी राजकन्या बेताचीच चालते, तिथे आपली महाराणी येते. ‘तू काय मोठी महाराणी लागून गेलीस?’ किंवा सकाळी उशिरा उठणाऱ्या मुलीला ‘उठल्या का बाईसाहेब?’ यात राग किती आणि लाड किती हे आवाजावर ठरतं, म्हणून छापील मजकुरात बोलणाऱ्याचं नातं आधी दिसलेलं असावं. आणि एखादी मुलगी जपून, कष्ट न पडू देता वाढवली आहे एवढंच म्हणायचं असेल, टोमणा नको असेल, तर ‘तळहाताच्या फोडासारखी जपलेली’ लिहा.